खालचे पक्के दात

आमच्या घरात बायका मागून जेवतात. हे कुणी ठरवलेलं नाही आणि कुणी मोडायचा प्रयत्नही केलेला नाही. कर्नाटकातल्या मंठाळला आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच घरी तसं आहे. मी गावातल्याच मराठी शाळेत मास्तर आहे, त्यामुळे दुपारी जेवायला घरी येतो. आई आणि मी आधी बसतो, बायको वाढते. आमचं झालं की आई तिच्या बाजेवर जाते, मी बाहेरच्या खोलीत चटईवर पाठ टेकतो आणि मग आतून खलबत्त्याचा आवाज सुरू होतो.

मला वाटायचं, शेंगांची चटणी कुटायलीय. आमच्याकडं शेंगाचटणीशिवाय भाकरी खाली उतरत नाही, त्यामुळे रोज काहीतरी कुटणारी बाई मला नवलाची वाटली नाही. उलट त्या आवाजावर माझा डोळा लागायचा. शाळेची घंटा व्हायच्या आत उठायचं असायचं, म्हणून झोप थोडीच, पण गोड. त्या गोड झोपेची मला आता लाज वाटते.

गेल्या वर्षी शाळा नुकतीच सुरू झाली होती. एका दुपारी माझ्या दाढेत शेवग्याचा धागा अडकला. जिभेनं निघेना, म्हणून काडी शोधत मी आत गेलो. बायको भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात खलबत्ता. त्यात ती कडक भाकरीचे तुकडे मोडून टाकत होती आणि कुटत होती. तो भुगा तिनं ताटलीत काढला, वर वरण घातलं, ताक ओतलं, बोटानं कालवलं आणि तोंडात टाकून न चावता गिळला. दाढेत बोट घालून मी दारात उभा आहे हे कळताच तिनं पदर तोंडावर ओढला.

"काडीपेटी ग्यासपाशी हाय," ती म्हणाली.

"हे काय करायलीस?"

"जेवायले. दुसरं काय?"

"भाकर कुटून?"

"मग काय करू? चावंना."

मी म्हटलं, तोंड दाखव. ती दाखवेना. "लग्नाला येवढी वर्षं झाली अन् आता तोंड बगायलाव व्हय?" असं म्हणून ती हसली, पण पदर तसाच धरून. शेवटी दाखवलं. खालच्या ओळीत दात कमी आणि फटी जास्त होत्या. जे होते ते हिरडी सोडून उंच झालेले, मुळं उघडी पडलेली. तिनं जिभेनं एक दात हलवला, तो कडी निघालेल्या दारासारखा हलला.

"हे कधी झालं?"

"एकदम झालं का काय? एक एक करून गेले."

"मला सांगितलं न्हाईस कामून?"

तिनं जरा विचार केला. "तुमी इचारलं न्हाई," ती म्हणाली. मीठ संपलंय हे जसं सांगावं तसं तिनं ते सांगितलं, त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी उदगीरला मुलीला फोन केला. वाटलं, तिला सांगावं आणि दोघांनी मिळून काळजी करावी. ती म्हणाली, "अप्पा, तुम्हाला आत्ता दिसलं? मी बाळंतपणाला आले होते तवाच आईला म्हणलं होतं, दाखवून घे म्हणून." नातवाचं बारसं, पाहुण्यांच्या पंगती, सगळ्या वेळी मी घरातच होतो. शाळेत दर सोमवारी मी मुलांना नखं आणि दात दाखवायला लावतो. पोरं रांगेनं उभी राहून तोंड उघडतात, मी एकेकाला बघून पुढे सरकतो. घरी येऊन जेवतो आणि झोपतो.

पुढच्याच आठवड्यात मी तिला कलबुर्गीला घेऊन गेलो. ओळखीच्या एका शिक्षकानं दातांच्या डॉक्टरणीचा पत्ता दिला होता. डॉक्टरीण आमच्या मुलीच्या वयाची, बोलणं सगळं कन्नडमध्ये. इथं एक सांगायला हवं की माझी बायको निंबर्ग्याची, कन्नड मुलखातली. माझ्यापेक्षा तिचं कन्नड चांगलं आहे. बसवकल्याणच्या बाजारात भाजीवाल्यांशी घासाघीस तीच करते, मी पिशवी धरून उभा असतो. तरी त्या दिवशी डॉक्टरणीनं तिला जे जे विचारलं त्याचं उत्तर मी दिलं. अक्का, कुठल्या बाजूनं चावता? मी सांगितलं, दोन्हीकडं त्रास आहे. साखर आहे का? मी सांगितलं, नाही. रात्री ठणकतं का? याचं उत्तर मला माहीत नव्हतं, तरी मी सांगितलं, कधी कधी.

डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्रातून तिच्या जबड्याचा फोटो काढला. मग डॉक्टरणीनं प्लास्टरचा एक जबडा टेबलावर ठेवून समजावलं. खालचे उरलेले दात काढावेच लागतील. त्यानंतर तीन वाटा आहेत. एक, साधी कवळी, रोज रात्री काढून पाण्यात ठेवायची. खालची कवळी जिभेनं हलते, हे तिनं लपवलं नाही. दुसरी, हाडात दोन स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांच्यावर बटणासारखी दाबून लावायची. हलत नाही, पण काढावी लागतेच. तिसरी, हाडात चार-पाच स्क्रू बसवायचे आणि अख्ख्या जबड्याची दातांची ओळ त्यांच्यावर पक्की आवळून टाकायची. मग ती डॉक्टरशिवाय कुणाला काढता येत नाही. त्या स्क्रूंना ती इम्प्लांट म्हणत होती.

खर्चही त्याच क्रमानं चढत जाणारा. तिसऱ्याचा आकडा ऐकून मी मनात पगाराचे महिने मोजले आणि त्याच क्षणी मी ठरवलं की हेच करायचं. दोन्ही एकदमच झालं. आकडा जेवढा मोठा तेवढं माझं ओझं हलकं होणार, असं काहीतरी माझ्या मनानं धरलं असावं.

"सगळ्यात चांगलं असेल ते करा," मी म्हणालो. "खाली आणि वर, दोन्हीकडं."

"वर?" डॉक्टरणीनं फोटोकडं पुन्हा पाहिलं. "वरच्या दोन दाढा गेल्यात. बाकीचे दात साफ करून, हिरड्यांवर उपचार करून टिकतील. जे टिकतात ते मी काढत नाही, सर."

"खर्चाची काळजी करू नका."

"मी दातांची काळजी करते आहे," ती हसून म्हणाली आणि बायकोकडं वळली. "अक्का, मिश्री लावता?"

"लावते," मी म्हणालो. "पण सोडेल. आजपासून सोडली समजा."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं.

डॉक्टरणीनं सांगितलं की तंबाखूनं हाड आणि हिरडी नीट भरून येत नाही, स्क्रू धरत नाहीत. मिश्री सुटल्याशिवाय ती हाडाला हात लावणार नव्हती. घाई नाही, घरी जाऊन ठरवा, असं म्हणून तिनं आम्हाला पाठवलं. शेवटी तिनं थेट बायकोला विचारलं, "अक्का, निमग एन बेकु?" तुम्हाला काय हवंय, एवढंच. बायकोनं तोंड उघडलं, पण तोवर मी उठून डॉक्टरणीचे आभार मानायला लागलो होतो.

परतीची बस कमलापूरला थांबली. तिथं खिडकीशी तांबड्या केळ्यांच्या फण्या घेऊन बायका येतात. मी एक फणी घेतली. बायकोनं एक केळं सोललं, तोंड खिडकीकडं केलं आणि खायला लागली. मी बघत राहिलो.

"काय बगायलाव? केळं खाताना माणूस बगितलं न्हाई का कवा?"

"तुला न्हाई बघितलं."

हुमनाबाद येईतो तिनं आणखी दोन केळी खाल्ली. मग सालं पिशवीत ठेवता ठेवता म्हणाली, "डाक्टरीन कुणाला इचारत होती?"

"तुला."

"अन् सांगत कोण होतं?"

मी फणीतली उरलेली केळी मोजायला लागलो.

"मिश्री सोडली म्हणून सांगितलंव. मी सोडली का? वरचे बी काढा म्हणलाव. वरचे चांगले हायेत की माझे. तिनं अडवलं म्हणून, न्हाई तर चांगले दात उपटून टाकले असते तुमी."

"तुझ्यासाठीच ना..."

"माझ्यासाठी न्हाई. तुमाला वाईट वाटायलंय म्हणून बसवायलाव. मला नको तुमचे दात."

घरी आई वाटच बघत होती. आईचं वय झालंय, गुडघे गेलेत, कान गेलेत, दात मात्र शाबूत. कडक भाकरी ती कटाकटा फोडून खाते आणि दुसऱ्यांनी ते ऐकावं अशी तिची इच्छा असते. "बसवले का गं?" तिनं विचारलं. बायको म्हणाली, "न्हाई आत्या." "बरं झालं. ह्या वयात दात बसवून कुणाला चावायचंय?" आई म्हणाली. बायको आत गेली आणि थोड्या वेळानं खलबत्ता वाजायला लागला. त्या संध्याकाळी मी आडवा झालो नाही.

यापुढं मी जे केलं ते सांगायला संकोच वाटतो. बायकोची मिश्रीची डबी मोरीजवळच्या कोनाड्यात असायची. ती मी उचलली आणि शाळेच्या पिशवीत लपवली. तिची सवय सुटली की डॉक्टरणीकडं जाता येईल, असा माझा सरळ विचार. पिशवीत डबीचं झाकण निघालं. पाचवीच्या वर्गात मी तपासलेल्या वह्या वाटल्या आणि सगळा वर्ग शिंकायला लागला. घरी आलो तर बायको मागच्या पायरीवर बसून निवांत मिश्री लावत होती. शेजारणीकडून आणली होती. आई बाजेवरून ओरडली, "मास्तर झालास अन् बायकोची डबी चोरायलास व्हय रं?"

मग मी दुसरा उद्योग केला. तिच्या जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागलो. यापुढं तुला एकटं जेवू देणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. ती दोन दिवस सोसत राहिली. तिसऱ्या दिवशी हातातला घास तिनं परत ताटलीत ठेवला.

"भाईर जावा," ती म्हणाली. "तुमी असं तोंड करून बसलाव तर घास उतरत न्हाई माझा. सुतकात बसल्यागत बसायलाव."

मी बाहेर आलो. डबी लपवणं, जवळ जाऊन बसणं, महागातले दात, हे सगळं मी मला बरं वाटावं म्हणून करत होतो. हे कळायला मला इतका वेळ लागला.

काही दिवसांनी सकाळी ती पायरीवर बसली होती. नळाचं पाणी भरून झालं होतं, चूल-चहा अजून व्हायचा होता. मी तिच्याजवळ जाऊन खालच्या फरशीवर बसलो आणि पहिल्यांदा विचारलं, "मिश्रीत एवढं काय हाय गं?"

तिनं हातानं थांबा म्हणून सांगितलं. मिश्री लावून झाली, चूळ भरली, मग बोलली.

"तोंडात मिश्री असली की बोलता येत न्हाई. बोलता येत न्हाई म्हणून कुणी हाक मारत न्हाई. आत्या पण म्हणतात, थांबा, मिश्री लावायलीय ती. दिवसात तेवढाच येळ हाय मला. दात दुखायचा म्हणून सुरू केलं होतं, दात गेला, मिश्री ऱ्हाईली." मग पदराला हात पुसत म्हणाली, "दात नकोत असं न्हाई. पण हा येळ जातोय म्हणून नको वाटायलंय."

मी तंबाखूबद्दल सगळं वाचून ठेवलं होतं. कर्करोगापासून हाडापर्यंत एक भाषण तयार होतं. ते मी केलं नाही. एवढंच म्हणालो, "मिश्री नसताना कुणी हाक मारली न्हाई तर?"

"कोण मारणार न्हाई? तुमी?"

"मी बी, आई बी."

ती हसली. विश्वास ठेवून हसली असं म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा माझ्याकडं आला. आईनं पहिला घोट घेऊन विचारलं, "हा च्या हाय का भांडी धुतलेलं पाणी?" पण प्यायली. बायको पायरीवर बसली की आई सवयीनं हाक मारायची, "अगं ए..." आणि मधेच थांबून म्हणायची, "बसलीय व्हय? बस बस." एकदा तर तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मला वाटलं होतं आईच सगळ्यात अवघड जाईल. तीच आधी शिकली. मी दोनदा विसरलो, एकदा मोज्यासाठी आणि एकदा खडूच्या डब्यासाठी.

मिश्री एका दिवसात सुटली नाही. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, एकदा तिनं ताटली आपटली. लवंग तोंडात धरून बसायची. मधे दोन-तीनदा शेजारणीकडून चिमूटभर घेतली आणि आपणहून मला सांगितलं. मी काही बोललो नाही. हे माझ्या हातून जमलेलं एक काम.

श्रावण संपत आला होता. एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "डाक्टरनीकडं कवा जायचं?"

"जाऊ की. रविवारी?"

"अन् ह्या खेपेला तुमी भाईर बसायचं."

तसा मी बाहेर बसलो. आत ती एकटी गेली, दार लागलं. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं, शेजारी गाल सुजलेला एक माणूस. आतून कन्नड ऐकू येत होतं, शब्द लागत नव्हते. डॉक्टरणीचं थोडं, बायकोचंच जास्त. मधेच दोघी मोठ्यानं हसल्या. कशाला हसल्या असतील ह्याचा विचार करत मी बसलो. ती साधी कवळी घेऊन येईल, असं मला वाटत होतं, आणि तसं झालं तर एक शब्द बोलायचा नाही, असंही मी स्वतःला बजावत होतो. खरं तर भीती वाटत होती. माझा पश्चात्ताप फुकट जाईल अशी भीती. ती भीती मला तिथं त्या खुर्चीत स्पष्ट दिसली, आणि ती काही चांगली दिसत नव्हती.

ती बाहेर आली. पदर नीट केला आणि म्हणाली, "खालचे पक्के. वरचे माझे हायेत तसे ऱ्हातील, ते साफ करतीया."

"पक्के म्हणजे ते स्क्रूचे?"

"व्हय."

"तू तर नको म्हणत होतीस."

"तवा तुमचे होते." मग पायऱ्या उतरताना तिनं सगळं सांगितलं. कवळीचा नमुना हातात घेऊन बघितला, बटणाचा पण बघितला, दाबून काढून बघितला. पक्क्यातसुद्धा कधी एखादा स्क्रू धरत नाही, हे डॉक्टरणीनं सांगितलं होतं. दातांच्या खालून रोज दोऱ्यानं आणि बारीक ब्रशनं साफ करावं लागतं, वर्षाला दाखवायला यावं लागतं. किती वर्षं टिकतील हे तिनं विचारलं, तर डॉक्टरीण म्हणाली, निगा राखाल तसं, लिहून देत नाही. "लिहून देत न्हाई म्हणली म्हणून मला पटली," बायको म्हणाली.

"पण पक्केच कामून?"

"घरात सगळं काढायचं अन् जाग्यावर ठेवायचं मीच करते. अंथरुणं काढा, ठेवा. भांडी काढा, ठेवा. आता दात बी काढून ठेवू का? एक तरी जिन्नस जाग्यावर ऱ्हाऊ द्या." रिक्षात बसल्यावर ती पुढं म्हणाली, "आन् डाक्टरनीनं इचारलं, घरात मदतीला कोण हाय. म्हणलं, हाय एकजण. शिकायलाय अजून."

त्यावरच त्या हसल्या असणार.

ज्या दिवशी उरलेले दात काढून स्क्रू बसवले त्या दिवशी ती सकाळी आत गेली आणि दुपार कलल्यावर बाहेर आली. भूल फक्त तोंडापुरती होती, बाकी सगळं तिला कळत होतं. बाहेर आली तेव्हा गाल फुगलेले, ओठ एकीकडं ओढलेला, डोळे थकलेले. मी हात पुढं केला. रस्त्यावर, चार माणसांसमोर तिनं माझा हात कधी धरला नव्हता. त्या दिवशी धरला. बोलता येत नव्हतं म्हणून ती खुणा करत होती आणि मी एकही खूण बरोबर ओळखत नव्हतो. पाणी मागितलं तर मी रुमाल दिला. रुमाल मागितला तर बस विचारायला निघालो. शेवटी तिनं कपाळावर हात मारून घेतला.

दोन-तीन दिवसांनी तात्पुरत्या दातांची ओळ बसवली. हाड स्क्रूंना धरेपर्यंत काही महिने मऊच खायचं होतं. आता खलबत्ता माझ्याकडं आला. ती पाटावर बसून सांगायची, "अजून बारीक. तुकडे ऱ्हायलेत. चटणी न्हाई ती, जेवण हाय माझं." मूगडाळीचं मऊ वरण, पेज, रव्याची खीर, मी सगळं शिकलो, एकदा भात करपवला. सुरुवातीला तिचा 'स' निसटायचा. आई म्हणायची, "बोलायलीस का शिट्टी वाजवायलीस?" आणि ती मुद्दाम आणखी शिट्टी वाजवायची. आरशासमोर मात्र ती बराच वेळ उभी राहायची. "लई मोठे वाटायलेत," एकदा म्हणाली. "माझं तोंड माझं वाटंना." मला घाबरायला झालं. चांगले आहेत, असं म्हणणार होतो. त्याऐवजी विचारलं, "डॉक्टरणीला सांगायचं का?" तिनं स्वतःच फोन केला. कायमचे करताना डॉक्टरणीनं ते थोडे बारीक केले, पुढचे दोन जरासे वाकडे ठेवले. वाकडे ठेवा, हे बायकोनंच सांगितलं होतं. तिचे आधीचे तसेच होते म्हणे. मला ते आठवत नव्हतं.

दात पक्के बसले की माझ्या मनातलं निघून जाईल, असं मला वाटलं होतं. ते गेलं नाही. दुपारी चटईवर पाठ टेकली की अजूनही मी आवाजाकडं कान लावतो. पण त्याचं ओझं तिच्या तोंडात ठेवायचं नाही, एवढं मी शिकलो. आता रविवारी भांडी मधे ठेवून आम्ही तिघं एकदम बसतो. बाकीचे दिवस ती मागूनच जेवते. मी म्हटलं, रोजच एकदम बसू. ती म्हणाली, "मागून निवांत असतं. तुमी दोघं लई बोलताव."

कायमचे दात बसले आणि आठवड्यातच येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुणी राहत नाही, सगळे शेतात. आम्हीही गेलो. कडब्याची खोप केली होती, तिच्यात चुना लावलेले दगड मांडून पूजा झाली, ज्वारीत आंबील शिंपडून झाली. मुलगी, जावई, नातू आले होते, शेजारचे होते, शाळेतले दोघं-तिघं होते. पुरुषांची पंगत बाभळीखाली बसली. डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील. बायका खोपीच्या पलीकडं बसल्या होत्या, इकडून दिसत नव्हत्या.

जेवता जेवता पलीकडून हसण्याचा असा गलका उठला की आमची पंगत थांबली. मला राहवेना. आंबिलीचा तांब्या रिकामा झालाय असं दाखवत मी उठलो. आई खोपीच्या दाराशी बसली होती. "तिकडं कामून चाललास? बायका बसल्यात," ती म्हणाली. मी तरी गेलो.

बायको माझ्याकडं पाठ करून नाही, तोंड करूनच बसली होती. पदर खांद्यावरून खाली गेलेला. एका हातात हरभऱ्याचे डहाळे, दुसऱ्या हातात बोरं, आणि समोरच्या शेजारणीशी ती तावातावानं भांडत होती. कुणाच्या तरी लग्नात भात कच्चा राहिला होता की नव्हता, यावरून. तोंडात घास होता. तो चावता चावताच ती बोलत होती, आणि मधेच सगळ्या हसल्या तशी तीही हसली, तोंड उघडं टाकून. माझ्याकडं तिचं लक्ष गेलं.

"काय पायजे?" तिनं तोंड भरलेलं असतानाच विचारलं.

"काय न्हाई."

"मग जावा की. बायका बसल्यात हितं."

मी रिकामा तांब्या घेऊन परत आलो आणि माझ्या जागी बसलो. शाळेतल्या एकानं विचारलं, "काय झालं हो तिकडं?"

"काही नाही," मी म्हणालो. "जेवायल्यात."